द्रव्याची चौथी अवस्था

स्थायू, द्रव आणि वायू या द्रव्याच्या तीन अवस्था आपण शाळेत शिकलो. चौथी अवस्था मात्र डोळ्यांसमोर असूनही अपरिचित राहिली. वायूला प्रचंड उष्णता अथवा प्रबळ विद्युतदाब मिळाला की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात. धन आयन आणि मुक्त इलेक्ट्रॉन यांच्या या मिश्रणास प्लाझ्मा म्हणतात, मराठीत 'आयनद्रायू'. रक्तातील प्लाझ्मा निराळा.

अलोरे परिसरात कोयनेच्या पाण्यावर वीज निर्माण होते. माजी विद्यार्थ्यांनी ज्या काचेच्या ट्यूबलाइटखाली अभ्यास केला, तिच्यात पाऱ्याच्या वाफेचा प्लाझ्माच होता. त्यातून निघणारे अतिनील किरण नळीच्या आतील लेपावर पडत आणि शुभ्र प्रकाश मिळे. आभाळातील वीज, वेल्डिंगचा झगझगाट, सूर्य ही सारी याच अवस्थेची रूपे होत.

किती तापमानाला व दाबाला किती अणूंचे आयन होतात, याचे समीकरण डॉ. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. त्यामुळे ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचे तापमान ठरविता येऊ लागले. याच साहांना कोलकात्यात शिकत असताना वसतिगृहात जातीमुळे उच्चवर्णीय विद्यार्थ्यांच्या पंगतीत बसू दिले जात नव्हते.

आमच्या वसतिगृहात सारी मुले एका पंगतीत जेवतात आणि एकाच दिव्याखाली अभ्यासाला बसतात. या पंगतीचे मोल आम्ही जाणतो. दिवा लागला की 'हा प्रकाश येतो कसा?' हा प्रश्न प्रत्येक मुलामुलीने निर्भयपणे विचारावा आणि पालकांनी तो थांबवू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.