भूमीखालचा महाकाय प्राणी

समजा, बीड जिल्ह्यातील एका मुलाने व्हिडिओ गेमसाठी जमिनीखाली राहणारा एक महाकाय प्राणी रचावयाचे मनात आणले. हत्तीएवढा देह, कुदळीसारखी नखे, निखाऱ्यासारखे मोठे डोळे असे चित्र तो घटकाभरात काढील. परंतु चित्र काढणे निराळे आणि प्राणी रचणे निराळे. हा प्राणी जमीन उकरील कशाने? उकरलेली माती टाकील कोठे? त्या कोंडलेल्या जागी श्वास कसा घेईल? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून खेळणाऱ्यास तो खरा वाटावयाचा नाही.

उत्तरांसाठी त्या मुलाने दूर जाण्याचे कारण नाही. गावचे शिवार पुरे आहे. बीडची काळी जमीन बेसॉल्ट खडक झिजून झालेली आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात चिकट होते. गोदाकाठी मातीचा थर खोल असतो. बालाघाटच्या डोंगरावर तो पातळ असून खाली कठीण खडक लागतो. अशा भूमीतही प्राणी आपली घरे करितात. घूस पुढच्या पायांनी माती उकरते आणि बिळाच्या तोंडाशी तिचा ढीग घालते. गांडूळ अंग आखडून व ताणून माती बाजूस सारते, काही माती गिळून मागे टाकते. त्याला फुप्फुसे नसतात. ते ओलसर त्वचेतून श्वास घेते. मांडूळ साप भुसभुशीत मातीत शिरतो. त्याचे मुस्कट पाचरीसारखे, खवले गुळगुळीत व डोळे बारीक असतात. अंधारात मोठे डोळे काय कामाचे? म्हणून आपल्या चित्रकारास ते निखारे पुसावे लागतील.

आता आकाराचा विचार करू. एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दहापट केली, तर त्याच्या हाडांची जाडी शंभरपट भार सोसण्याजोगी होते. वजन मात्र हजारपट वाढते! शिवाय देह जितका मोठा, तितकी अधिक माती हलवावी लागते. यामुळेच बिळे करणारे बहुतेक प्राणी लहान असतात. तथापि निसर्गाने मोठे प्रयोगही केले आहेत. ऑस्ट्रेलियातील गिप्सलँड प्रांतात मीटरभर लांबीची, क्वचित त्याहूनही मोठी गांडुळे ओलसर जमिनीत राहतात. ब्राझीलमध्ये माणसाला उभ्याने चालता येईल अशी प्राचीन बिळे सापडली असून त्यांच्या भिंतींवर नखांचे ओरखडे आहेत. ती आज नष्ट झालेल्या महाकाय स्लॉथ प्राण्यांनी खोदली असावीत, असे संशोधक मानतात.

कल्पनेने रचलेला राक्षस खेळात कितीही धुमाकूळ घालो, त्याने कोणाचे वाईट होत नाही. परंतु जिवंत प्राण्याला चिकटवलेली खोटी कल्पना त्याच्या जिवावर उठते. मांडुळाचे शेपूट बोथट, तोंडासारखे दिसते. त्यामुळे शत्रू फसतो आणि डोके बचावते. लोकांनी मात्र त्याला 'दुतोंड्या' ठरविले. तो गुप्तधन दाखवितो, अशी समजूत पसरविली. या लोभापायी हा बिनविषारी, उंदीर खाऊन शेतकऱ्याचे धान्य राखणारा साप पकडून चोरून विकला जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. तरीही ही चोरटी विक्री थांबलेली नाही.

म्हणून त्या मुलाने आपला राक्षस खुशाल रचावा. पण शेताच्या बांधावर मांडूळ दिसल्यास त्याला न डिवचता, त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. ज्याच्याकडून आपण शिकलो, त्याचे एवढे देणे आपण लागतोच.

अभ्यास
१. बिळात राहणाऱ्या प्राण्याची रचना करताना कोणते तीन प्रश्न सोडवावे लागतात?
२. मांडुळाला 'दुतोंड्या' का म्हणतात? त्या समजुतीचा परिणाम काय झाला?
३. तुमच्या परिसरातील बिळे करणाऱ्या एका प्राण्याचे दुरून निरीक्षण करा व दहा ओळी लिहा.