मंगळवारी रात्री किती खोल्या लागतात?

अगं, त्या हॉटेलातल्या भागीदारीचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हापासून तेच डोक्यात आहे. पैसे घालूच नकोस असं मी म्हणणार नाही. नाशिक वाढतंय, ते मलाही दिसतं. पण भागीदार मंडळी सारखी 2027 च्या सिंहस्थाकडे बोट दाखवतायत ना, तिथे मला धास्ती वाटते. मागचा कुंभ 2015 साली झाला. बारा वर्षांनी येणाऱ्या गर्दीवर बँकेचा हप्ता फिटत नाही बाई, तो दर महिन्याला जातो. म्हणून त्यांना आधी एवढंच विचार, पावसाळ्यातल्या साध्या मंगळवारी रात्री किती खोल्या लागतात?

नाशकात जागेगणिक गिऱ्हाईक बदलतं. सातपूर-अंबडला कंपन्यांच्या कामाने आलेले लोक आठवड्याच्या मधल्या दिवसांत राहतात, शनिवार-रविवार थंड. गंगापूर धरणाच्या बाजूला वायनरींमुळे नेमकं उलटं, शुक्रवारी संध्याकाळी मुंबईच्या गाड्या येतात आणि रविवारी दुपारी निघून जातात. पंचवटीत यात्रेकरूंची ये-जा रोजची, पण दर चढत नाही आणि एका खोलीत अख्खं कुटुंब उतरतं. मला त्र्यंबकेश्वर जास्त पटतं. नारायण नागबळीचा विधी तीन दिवसांचा, त्यामुळे मुक्काम आपोआप लांबतो आणि तो मुहूर्तावर ठरतो, सुट्टीवर नाही. मात्र बऱ्याच यजमानांची राहायची सोय गुरुजींकडेच होते. उरलेल्यांतले हॉटेलात किती येतात, ते तिथल्या गल्ल्यांतून फिरून विचारायला हवं.

समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, त्याचंही सगळे कौतुक सांगतात. रस्ता चांगलाच आहे. पण प्रवास झटपट झाला की माणूस काम उरकून रात्री जेवायला घरी परततो, हेही धरून चाल. तुमचं हॉटेल मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे म्हणतेस. मग उड्डाणपुलावरून येणाऱ्या गाडीला खाली उतरून गेटपर्यंत पोचायला किती वळसा पडतो, ते अंधार पडल्यावर स्वतः गाडी चालवून बघ. पाटी लांबून दिसते आणि वळण मागे राहतं, अशा जागेत कितीही पैसा ओता, उपयोग नाही.

दराच्या आकड्याला तर अजिबात भुलू नकोस. 3500 रुपये दर लावून शंभरातल्या 35 खोल्या लागल्या, तर एकूण खोल्यांवर वाटून खोलीमागे 1225 पडतात. 2500 लावून 60 लागल्या तर 1500. त्यातून बुकिंग ॲपचं कमिशन जातं. शिवाय सप्टेंबर 2025 पासून 7500 पर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के झाला, पण खर्चावर भरलेल्या कराची वजावट बंद झाली. फर्निचर, दुरुस्ती, धुलाई, सगळ्यावरचा कर पदरचा.

आता महत्त्वाचं. मागच्या तीन वर्षांची महिनावार वीजबिलं आणि लाँड्रीची बिलं माग. रजिस्टरमध्ये खोल्या भरलेल्या दाखवता येतात, पण चादरी किती धुतल्या ते लाँड्रीवाल्याच्या बिलात उतरलेलं असतं. बिलं द्यायला का-कू केली तर सही करू नकोस. दिली, तरी बाबांच्या जमिनीचे सगळे पैसे एकदम घालायचे नाहीत, निम्मे बाजूला ठेव. कागद हाती आले की फोन कर, मी येते, दोघी बसून बघू.