लॅपटॉप घेण्याआधी

चि. मनूस,


रेव्हिट सॉफ्टवेअर फार रखडतंय म्हणून जास्त रॅमचा लॅपटॉप घ्यायचं तुझ्या मनात आहे, असं ताई फोनवर म्हणाली. खुशाल घे. पण आधी एवढं बघ, की सर्व्हेची डीडब्ल्यूजी फाइल कुणी मॉडेलमध्ये इम्पोर्ट तर केलेली नाही ना? इम्पोर्ट केली की तिच्या लाइन पॅटर्नपासून हॅचपर्यंत सगळा पसारा फाइलमध्ये मुक्कामाला येतो. लिंक केली तर सर्व्हेअरची नवी फाइल आल्यावर नुसतं रीलोड मारायचं, आणि गरज संपली की काढून टाकायची. त्यात सर्व्हे बऱ्याचदा खऱ्या को-ऑर्डिनेट्सवर असतो, म्हणजे ओरिजिनपासून लाखो मीटर लांब. रेव्हिटचा हिशोब आतल्या ओरिजिनपासून १६ किलोमीटरपर्यंतच भरवशाचा. त्यापलीकडे रेषा थरथरतात, स्नॅप चुकतात.

शॉर्टकटची यादी मागितली होतीस. 'केएस' टाइप कर, अख्खी यादी समोर येते. मला विचारशील तर 'सीएस' आधी हातात बसव. मॉडेलमधला दरवाजा निवडून ते दाबलं की तोच टाइप पुन्हा लावता येतो, यादीत शोधत बसावं लागत नाही. गुंतागुंतीच्या जागी वस्तू निवडून 'बीएक्स' दाब, तेवढाच भाग थ्रीडीमध्ये कापून मिळेल. बाकीचे वापरता वापरता येतील.

पण खरा वेळ बोटांच्या वेगाने वाचत नाही. भिंत काढताना तिची उंची नुसती ३००० अशी ठोकू नकोस, वरच्या लेव्हलला बांध. उद्या क्लायंटने मजल्याची उंची ३१५० केली तर लेव्हल ओढायची आणि मोकळं व्हायचं. नाहीतर प्रत्येक मजल्यावर भिंती वेचत फिरायचं. तसंच व्ह्यूचं. एकेका व्ह्यूत उजवी क्लिक करून वस्तू लपवणं हा आळस पुढे फार महागात पडतो. व्ह्यू टेम्पलेट बनव.

वॉर्निंग्ज बघायची सवय लाव. शेकड्यांनी साठलेल्या असल्या तरी 'आयडेंटिकल इन्स्टन्सेस' ही आधी मार. एकाच जागी एकावर एक दोन दरवाजे बसलेले प्लॅनमध्ये दिसत नाहीत, पण शेड्यूल दोन्ही मोजतं. तोच आकडा बीओक्यूत, म्हणजे मालाच्या यादीत, गेला की जास्तीच्या दरवाजाची ऑर्डर जाते. मग सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही.

सगळ्यांची सामायिक सेंट्रल फाइल थेट कधी उघडू नकोस. रोज सकाळी नवी लोकल कॉपी घे. सिंक अधूनमधून करत राहा, चहाला उठताना तर नक्कीच. संध्याकाळी सहाच्या ठोक्याला सगळे एकदम सिंक मारतात आणि मग एकमेकांच्या नावाने खडे फोडत बसतात. निघताना आपल्या ताब्यातलं सगळं रिलिंक्विश कर, म्हणजे सोडून दे. तू घरी, वर्कसेट तुझ्या नावावर आणि रात्री प्रिंट काढणारा अडकलेला, असं झालं की तुझा फोन वाजलाच म्हणून समज.

आणि हो, लॅपटॉप घेतलास तरी त्यावर नवीन व्हर्जन टाकून चालू प्रोजेक्ट त्यात सेव्ह करू नकोस. २०२५ मध्ये सेव्ह केलेली फाइल २०२४ मध्ये उघडत नाही. स्ट्रक्चरलवाले अजून कोणत्या व्हर्जनवर आहेत ते आधी विचारून घे.

तुझा,
मामा