गोपकपट्टणचा सावकार

व्यापारात भांडवलाइतकेच महत्त्व पतीला असते. गोव्याच्या कदंबकालीन ताम्रपटांतून दिसणारे एका व्यापारी घराण्याचे जीवन या सत्याची साक्ष देते.

जुवारी नदीच्या काठी, आज जेथे गोवा वेल्हा हे गाव आहे, तेथे गोपकपट्टण हे बंदर होते. सोमनाथाच्या यात्रेस निघालेल्या कदंब राजा गुहल्लदेवाच्या नौकेची डोलकाठी मोडली, तेव्हा त्याला याच बंदराचा आश्रय घ्यावा लागला. त्या प्रसंगी राजाच्या साहाय्यास धावून आला तो मदुमद नावाचा ‘ताजिक’, म्हणजे अरबवंशीय, धनाढ्य व्यापारी. परक्या भूमीत व्यापार करणाऱ्याने स्थानिक राजसत्तेचा विश्वास संपादन केला तो असा.

अशा जहाजमालक व्यापाऱ्यास पश्चिम किनाऱ्यावरील कोरीव लेखांत ‘नौवित्तक’ म्हटलेले आढळते. नौका हेच त्याचे वित्त. साहजिकच एका वादळात सर्वस्व गमावण्याची भीतीही त्याचीच. त्याचे वर्ष मोसमी वाऱ्यांच्या हाती असे. नैर्ऋत्य वाऱ्यांचा जोर ओसरताना अरबस्तानाकडील गलबते किनाऱ्याला लागत आणि हिवाळ्यात ईशान्य वाऱ्यांवर परतत. मधल्या काळात माल विकणे, नवा माल जमविणे व उधारी वसूल करणे ही कामे उरकावी लागत. वारा चुकला, तर भांडवल पुढील हंगामापर्यंत अडकून पडे.

अकराव्या शतकाच्या मध्यास जयकेशी पहिला याने चंद्रपूरहून राजधानी गोपकपट्टणास आणली आणि नगराची भरभराट झाली. मदुमदाचा नातू साधन हा राज्याचा कारभारी बनला. त्याने तेथे ‘मिजिगिती’, म्हणजे मशीद, उभारली. तिच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या नौकांवर व व्यापाऱ्यांवर कर आकारण्यास राजाने १०५३ च्या ताम्रपटाद्वारे मान्यता दिली. सौराष्ट्र, लाट, श्रीस्थानक (ठाणे), केरळ, सिंहल अशा दूरदूरच्या प्रदेशांशी या बंदराचे संबंध होते. हिंदू राजा, मुसलमान कारभारी आणि करारास ताम्रपटाचा आधार, अशी ही व्यवस्था होती.

पुढे चौदाव्या शतकातील आक्रमणांनी नगर उद्ध्वस्त झाले, नदीचे पात्र गाळाने भरले आणि व्यापार मांडवीकाठच्या एळा बंदराकडे वळला. आज राजवीथीचे जांभ्या दगडाचे अवशेष उरले आहेत.

गोदामे गेली, गलबते गेली. परंतु अडचणीच्या वेळी केलेल्या साहाय्यातून निर्माण झालेली पत तिसऱ्या पिढीसही फळली. ग्राहक आणि बँक यांच्या नात्याचा पायाही याहून वेगळा नाही.