काचेवर नाव लिहून घेताना

बाळाचा पहिला नाताळ असेल, तर झाडावर टांगायचा काचेचा गोळा आणि त्यावर हाताने रंगवलेलं नाव, याहून गोड भेट मला सुचत नाही. शेजारच्या सिस्टरच्या नातवासाठी मी असा गोळा ऑनलाइन मागवला. बाळाचं नाव आशीर्वाद. नाव देवनागरीत नीट टाइप करून पाठवलं होतं. नाताळ दोन दिवसांवर आला असताना पार्सल अकलूजला पोचलं आणि गोळ्यावर सोनेरी अक्षरांत निघालं ‘आर्शीवाद’. ‘वा’वरचा रफार ‘शी’च्या डोक्यावर. शिवाय ओलं फडकं फिरवताच बाजूच्या चांदणीचा रंग पापुद्र्यासारखा सुटून आला. विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं: नाव घातलेली वस्तू परत घेत नाही.

तुम्ही असा गोळा मागवणार असाल, तर आधी रंगाची चौकशी करा. काच काहीच शोषत नाही. लाकडात किंवा कागदात मुरतो तसा रंग तिच्यात मुरत नाही, नुसता वर बसून राहतो. मध्ये बोटाचा तेलकटपणा राहिला, तर तेवढाही टिकत नाही. म्हणून रंगवण्याआधी काच स्पिरिटने पुसता का, हे सरळ विचारावं. साधा अॅक्रिलिक रंग पहिल्या दिवशी झकास दिसतो. अडचण नंतर येते. काचेसाठीचे रंग वेगळे मिळतात. पेबेओ कंपनीचा व्हिट्रिया रंग १६० अंश सेल्सिअसला ४० मिनिटं भाजून पक्का करतात. हवेत पक्के होणारे रंगही आहेत, पण त्यातल्या काहींना तब्बल तीन आठवडे लागतात. तेव्हा ‘आज ऑर्डर द्या, उद्या पाठवतो’ म्हणणाऱ्याला रंग पक्का कसा करता, हे विचाराच. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मागणी नोंदवली, तर चूक निघाली तरी दुसरा गोळा करून घ्यायला वेळ उरतो.

रंग आतून की बाहेरून, हेही बघावं. जर्मनीतल्या लाऊशा गावात एकोणिसाव्या शतकात असे गोळे फुंकून बनायला लागले. त्यांना आतून चांदीचा मुलामा देत, त्यामुळे नक्षी बाहेरून. पारदर्शक गोळा मात्र तोंडातून बारीक ब्रश घालून आतूनही रंगवता येतो. तिथे कुणाचा हात लागत नाही, म्हणून रंग टिकतो. काम फार कौशल्याचं. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली जुनी चित्रं आहेत, ती मुद्दाम जाऊन बघा. त्यात डोळ्यातली बाहुली आधी आणि पार्श्वभूमी शेवटी रंगवावी लागते. अक्षरंही उलटी काढायची. देवनागरी न वाचता येणाऱ्याने हे केलं, तर रफार, वेलांट्या कुठे जातील त्याचा नेम नाही. म्हणून रंगवलेल्या नावाचा फोटो पाठवण्याआधीच मागवा आणि तो घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा.

पॅकिंगबद्दल एवढंच, की डिसेंबरात आमच्याकडे कारखान्याचा हंगाम जोरात असतो. उसाच्या ट्रॉल्यांमागून आदळत-आपटत येणाऱ्या गाडीत पातळ काच टिकायची, तर खोक्यात खोकं हवं आणि गोळ्याच्या चारही बाजूंनी दाबून भरलेला कापूस.

आशीर्वादचं नाव शेवटी अकलूजमध्येच दुरुस्त झालं. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांवर ‘आईवडिलांचा आशीर्वाद’ लिहिणारे आमचे पेंटरदादा हा शब्द जवळजवळ रोज लिहितात. कापसाच्या बोळ्यावर थोडं थिनर घेऊन त्यांनी तेवढं नाव पुसलं. चांदीचा मुलामा आतून असल्यामुळे त्याला धक्का लागला नाही. मग शून्य नंबरच्या ब्रशने, श्वास रोखून, पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये नाव लिहिलं आणि रफार सगळ्यात शेवटी दिला. पैसे घ्यायला तयार नव्हते, मी बळेच दिले. तुमच्या गावातही असा हात असेल. नाव न घातलेला गोळा मागवायचा आणि नाव त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. पहिल्या रात्री तो टांगूनच ठेवा, आणि ऑइल पेंट पुरता कडक व्हायला आठवडाभर तरी द्या. तोवर कापसात गुंडाळू नका, तंतू अक्षरांना चिकटतात.