त्यांना म्हणावं, सात वाजता या

भाचेबुवा, पहिलं काम म्हणजे कानात इअरफोन अडकवत जा. गाणी ऐकायला नाही, बोलायला. वैशालीहून राजीव चौकाकडे जाणाऱ्या मेट्रोत निम्मा डबा हवेत बघून बोलत असतो. त्यात तू तुला ऐकू येणाऱ्या एखाद्या आवाजाला "आत्ता नाही, कामात आहे" असं सुनावलंस तर कोण वळून बघणार? आमच्या वेळी मोहननगरच्या बसमध्ये तोंडाला रुमाल लावून पुटपुटावं लागे. सर्दीवर काढा सुचवणारे सहप्रवासी भेटत, एवढीच कमाई.

आवाज बंद पाडायच्या मागे लागू नकोस. गप्प बस म्हटलं की ते चेकाळतात. त्यांना वेळ नेमून द्यायची: "संध्याकाळी सात वाजता या, पंधरा मिनिटं मिळतील." दिवसा कुणी आलंच तर हेच उत्तर, तेही न चिडता. मात्र सातला खरोखर बसायचं. टाळाटाळ केलीस तर उद्यापासून तुझा शब्द कुणी मानणार नाही. बसताना वही घे. कोण आलं, काय म्हणालं, त्याआधी तू काय करत होतास, रात्री झोप किती झाली होती, एवढं लिहायचं.

माझ्या वहीत कूलर सापडला. मे-जूनमध्ये खिडकीतला कूलर रात्रभर घरघरायचा आणि त्या घरघरीतून एक फोरमन ओरडायचा, "नालायका, झोपलास काय?" कूलर बंद केला की फोरमनही बंद. मग छताचा पंखा आणि पिळलेली ओली चादर यावर भागवलं. तुझ्या वहीत दुसरंच काही निघेल: उपाशी पोट, साहेबाशी वाजलेलं, नाहीतर सावनातले कांवडियांचे डीजे. इथला सावन आपल्या श्रावणाआधी पंधरा दिवस लागतो, तेव्हा कापसाचे बोळे आषाढ लागतानाच आणून ठेव. एका कानात बोळा घातला तरी काहींचे आवाज मंदावतात. डावा की उजवा, ते करून बघ.

ऐन वेळी आवाज अंगावर आला तर तोंड कामाला लाव. आवाज ऐकू येत असताना मेंदूचा बोलणं रचणारा भागही जागा असतो, असं स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. त्याला दुसरं काम द्यायचं. गुणगुण, किंवा एकोणतिसाचा पाढा म्हण. येत असेल तर अडीचकी उत्तम. आरती नको, ती इतकी पाठ असते की तोंड म्हणत राहतं आणि कान मोकळेच. हिंदी पेपर मोठ्याने वाचणं मला फार मानवलं, कारण अडखळत वाचावा लागतो.

हे एकट्या मामाचं खूळ समजू नकोस. हॉलंडमधले मनोविकारतज्ज्ञ मारियस रोम यांनी १९८७ साली आपली रुग्ण पॅट्सी हागे हिच्यासोबत टीव्हीवरून आवाज ऐकणाऱ्यांना साद घातली. शेकडो लोकांनी कळवलं, आणि त्यातले कितीतरी आवाजांसकट नोकरी-संसार नीट करत होते. पुढे तान्या लुहरमन या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी चेन्नई, आक्रा आणि कॅलिफोर्नियातलं सॅन माटेओ इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी बोलून पाहिलं. चेन्नईतल्या निम्म्याहून अधिक जणांना घरच्या माणसांचे आवाज येत, घरकाम सांगणारे, रागावणारे. अमेरिकेत शिव्या आणि मारहाणीची भाषा जास्त. माझी आजी अजून दिवेलागणीला हातपाय धुवायला सांगते. मी धुतो. त्यात बिघडलं काय?

पण प्रत्येक आज्ञा हातपाय धुवायची नसते. आवाजाने कुठलंही काम सांगितलं तर "उद्या बघू" म्हणायचं, आणि उद्या ते करायचं की नाही हे तू ठरवायचं. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगितलं तर वही, पाढे, सातची वेळ सगळं बाजूला. त्या क्षणी शेजारच्या हाडामांसाच्या माणसाला हाक मार, एकटा राहू नकोस.

गांजा आणि दारू वर्ज्य. यावर चर्चा नको.

औषध मनाने सोडू नकोस. वजन वाढतंय, सकाळी डोकं जड राहतं, हे डॉक्टरला ठणकावून सांग. डोस, वेळ, गोळी, सगळं बदलता येतं. दिलशाद गार्डनचं इहबास आपल्याला जवळ पडतं. शहीद स्थळहून रेड लाइनने थेट जाता येतं. शाहदऱ्याच्या जुन्या मेंटल हॉस्पिटलचं १९९३ मध्ये इहबास झालं, तरी इकडची मंडळी शाहदऱ्याचं नाव काढून अजून टिंगल करतात. करू देत. वही सोबत ने, ओपीडीच्या गर्दीत डॉक्टरला पटकन कळतं.

ताईला, म्हणजे तुझ्या आईला, माझा निरोप दे: "असं काही नसतं रे" म्हणून वाद घालू नकोस; "काय म्हणतायत?" एवढं विचार आणि जेवायला वाढ. बाबा-बुवा नकोत, पंजाबीबाग असो की पंढरपूर. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा 'देवराई' सिनेमा तिने बघावा. त्यामागे जगन्नाथ वाणी होते, ज्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. आणि फ्रिजवर १४४१६ लिहून ठेवायला सांग. टेली मानस हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीतही बोलता येतं.