एकच चूक दोघांची

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. माधव यास,

सूनबाईंच्या पत्रातील हकीकत वाचल्यापासून माझा डोळा लागलेला नाही. जीवशास्त्राच्या चाचणीत ‘वनस्पतिपेशीत तंतुकणिका नसतात’ हे चुकीचे वाक्य तुझ्या आणि शेजारच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेत अक्षरशः सारखे निघावे, आणि तरीही तू नक्कल कबूल करू नयेस? अरे, हरितलवके अन्न तयार करतात खरी. पण त्या अन्नातून ऊर्जा मोकळी करावयास झाडालाही तंतुकणिका लागतातच. ठाऊक नव्हते, तर जागा कोरी सोडायची होतीस. बरोबर उत्तरे स्वतंत्रपणे जुळतात; चूक शब्दशः जुळली की उगम एकच. मनुष्य आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक, याचा एक दाखला शास्त्रज्ञ याच न्यायाने देतात: क जीवनसत्त्व घडविणारे जनुक दोघांतही निकामी आहे आणि त्याच्या मोडतोडीच्या खुणाही मिळत्याजुळत्या आहेत. मग तुमची ती एक चूक बाईंच्या नजरेतून सुटेल कशी?

रागाने लिहितो आहे खरा. पण १९५५ साली इंटरच्या परीक्षेत मनुष्यपेशीतील गुणसूत्रांचा आकडा आठवेना, तेव्हा पुढच्या मुलाच्या कागदावरून ४८ उचलून मी गुण मिळविले होते. पुढच्याच वर्षी त्जिओ आणि लेव्हान या शास्त्रज्ञांनी स्वीडनमधून जाहीर केले की, पेशी फुगवून सुटी केलेली गुणसूत्रे मोजता ती ४६च भरतात. पूर्वी ज्यांनी ४८ मोजली त्यांनी निदान भिंगाखाली डोळे शिणविले होते; मी केवळ दुसऱ्याचा कागद पाहिला. हे तुझ्या आजीलाही मी कधी सांगितले नाही.

तुझे ते तंतुकणिकांचे वाक्य काही केल्या मनातून जात नाही. असो. सुटीत ये. रंकाळ्यावर जाऊ, जलपर्णी दाट झाली की खालच्या शेवाळाचे ऊन कसे अडते आणि कुजताना ती पाण्यातला प्राणवायू कसा संपविते, ते काठावरून दाखवीन. दुपारी कांद्याचा पापुद्रा सोलून त्यावर आयोडीनचा थेंब टाकू. माझी दृष्टी मंदावली आहे, तेव्हा केंद्रक तूच शोध आणि मला सांग. सूक्ष्मदर्शकाची काच कालच पुसून ठेवली आहे.

बाईंपाशी एकट्याने जाण्याचा धीर होत नसेल, तर कळव. मी पुण्यास येईन आणि तुझ्या शेजारी उभा राहीन.

तुझा,
आजोबा